नवव्या इनिंगमधला तो एक रन

काका बेसबॉलची मॅच क्रिकेटच्या स्कोअरबुकात लिहायचे, तीही पेन्सिलीने, चूक झाली तर खोडता यावी म्हणून. ते बुकसुद्धा दर दोन वर्षांनी सांगलीहून कुणाच्या तरी बॅगेतून यायचं, लांबलचक, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं. बेसबॉलचं छापील स्कोअरकार्ड मैदानाच्या दारातच मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. "ते कार्ड आहे," ते म्हणायचे, "आणि हे बुक आहे." एवढं बोलून झालं की त्यांच्या दृष्टीने वाद मिटलेला असे.

ॲन आर्बरला मी नागपूरहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर सव्वातीन वर्षं राहिलो. त्यांचं नाव मी इथे देत नाही. दिलं तर ते हे वाचतील, आणि मग फोन करून चुका काढतील. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून ते तरुणपणी मिशिगनला आले, तिथूनच रिटायर झाले. पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं तर आजही सांगतात, "स्कोअरर."

सांगलीला कॉलेजात असताना त्यांना बॅटिंग येत नव्हती, बोलिंगही येत नव्हती, म्हणून त्यांना वही धरायला बसवलं, असं खरं कारण काकू सांगायच्या. काकांचं म्हणणं वेगळं होतं. संघात अकरा जण खेळणारे लागतात आणि एक खरं बोलणारा लागतो. तो एक बाहेर बसतो. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं त्यांना क्रिकेट मिळेना, तेव्हा ते समोर जे चाललं होतं ते लिहायला बसले. समोर बेसबॉल चालला होता.

क्रिकेटमध्ये अंपायरने चौकाराची खूण केली की स्कोअरर लांबून हात वर करतो. पाहिलं, लिहिलं, असा त्याचा अर्थ. तो हात दिसेपर्यंत अंपायर खेळ पुढे जाऊ देत नाही. काकांची ही सवय गेली नव्हती. तासाभरावरच्या एका गावात पगारी खेळाडूंचा छोटा संघ आहे, त्याच्या मॅचला ते मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा बॅटरचा चेंडू हुकला आणि अंपायरने स्ट्राइक दिला की काका स्टँडमध्ये ताठ बसून हात वर करायचे. अंपायरचं लक्ष अर्थातच नव्हतं. लक्ष होतं ते बिअर विकणाऱ्या माणसाचं. तो दर वेळी पायऱ्या चढून यायचा, काका त्याला मानेने नाही म्हणायचे, आणि पुढच्या स्ट्राइकला पुन्हा हात वर करायचे. पाचव्या इनिंगला तो बिचारा आमच्या शेजारीच बसला.

क्रिकेटला स्कोअरर दोन असतात, दोन संघांचे दोन, शेजारी शेजारी बसतात आणि ओव्हर संपली की आकडे जुळवतात. इथे दुसरा स्कोअरर कुठून आणणार? काकांनी ती नेमणूक काकूंची केली होती. काकू सुडोकू सोडवत बसायच्या. इनिंग संपली की काका विचारायचे, "टॅली?" आणि काकू मान वर न करता म्हणायच्या, "टॅली." मी राहायला आल्यावर त्यांनी हे पद माझ्या गळ्यात घातलं आणि घरी बसून स्वस्थपणे सुडोकू सोडवू लागल्या. मला बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण "टॅली" म्हणायला ज्ञान कशाला लागतं?

हा काटेकोरपणा मैदानावरच राहिला असता तर काही बोलायचं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका सात वर्षांच्या मुलीने मराठी कविता म्हणून दाखवली. इथेच जन्मलेली पोर, बिचारीची जीभ अडखळत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे वडील कौतुकाने काकांपाशी आले. काका म्हणाले, "वीस ओळी होत्या. चौदा म्हटल्या. त्यातल्या अकरा जागेवर होत्या."

"अहो काका, पण प्रयत्न बघा ना," वडील म्हणाले.

"बघितला की. म्हणून तर मोजल्या."

घरी येताना गाडीत काकू मला म्हणाल्या, "ह्यांना देवाने जीभ दिली, ब्रेक द्यायचा राहून गेला." काका ड्राइव्ह करत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपण लिहायचं. हळहळायला बाकीचे आहेत." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. मी पहिल्यांदा भाजी करून त्यांना वाटीभर दिली तेव्हाही हेच ऐकून घेतलं होतं.

आता डॉरथीबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. डॉरथी शेजारच्या घरात एकटी राहायची. वय सत्त्याऐंशी, कान तीक्ष्ण, पाठ ताठ. काकूंची आणि तिची पस्तीस वर्षांची मैत्री. एका संध्याकाळी काका अंगणात बसून जुनी मॅच साफ अक्षरात उतरवून काढत होते, तेव्हा ती कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "तुम्ही सगळं लिहून ठेवता. माझ्या आजोबांचंही एकदा कुणीतरी लिहिलं होतं."

तिचे आजोबा तरुणपणी पिचर होते. पिचर म्हणजे आपला बोलर. शंभर वर्षांहून अधिक काळ झाला या गोष्टीला. तेव्हा इथल्या लहान लहान गावांचेही पगारी संघ असत. आजोबांच्या गावच्या संघाचा नेहमीचा पिचर ऐन वेळी आजारी पडला आणि सफरचंदांचा रस काढायच्या गिरणीवर काम करणाऱ्या या मुलाला त्यांनी एका मॅचपुरतं करारावर घेतलं. त्याच्या आयुष्यातली ती एकुलती एक पगारी मॅच. ती त्याच्या संघाने दोन-शून्य जिंकली. नऊच्या नऊ इनिंग्ज त्याने एकट्याने टाकल्या आणि समोरच्यांना एकही रन करू दिला नाही. याला इथे शटआउट म्हणतात आणि पिचरच्या दृष्टीने याच्यावर काही नाही. पुढच्या वर्षी तो संघ बंद पडला. आजोबा गिरणीवर परत गेले आणि मरेपर्यंत सांगत राहिले की मी एकच मॅच खेळलो आणि शून्य दिला.

"घरात त्यांची चेष्टा व्हायची," डॉरथी म्हणाली. "थँक्सगिव्हिंगला माझे मामा मुद्दाम विचारायचे, बाबा, तुम्ही किती रन दिले? आजोबा म्हणायचे, शून्य. आणि सगळे हसायचे. ते हसायचे नाहीत."

त्या गावात जुन्या रेल्वे स्टेशनच्या दोन खोल्यांत एक म्युझियम आहे. तिथे बेसबॉल संघाची भिंत करायचं चाललं होतं. डॉरथीने आजोबांचा फोटो दिला होता. फोटोखाली शटआउट असं लिहावं एवढंच तिचं मागणं. म्युझियम चालवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, पुरावा हवा. पुरावा होता: संघाची त्या वर्षीची स्कोअरची वही त्यांच्याच कपाटात पडून होती. पण पानाचा खालचा कोपरा ओल लागून गळून गेला होता, आणि नेमकी पाहुण्या संघाची बेरीज त्या कोपऱ्यात होती. वरच्या चौकटींमधल्या जुन्या खुणा कुणाला लागत नव्हत्या. डॉरथीला त्या वाचणारा माणूस हवा होता.

काकांना कुणी राष्ट्रपतिभवनात बोलावलं असतं तरी ते इतके खूश झाले नसते. शनिवारी आम्ही चौघंही गेलो. काकांनी टाय लावला होता. म्युझियमच्या बाईंनी वही टेबलावर ठेवली, आणि काका तिच्यावर तीन तास वाकून बसले. मध्ये चहासुद्धा घेतला नाही. आठ इनिंग्ज त्यांनी एकेक खेळाडू धरून मोठ्याने वाचल्या, आणि प्रत्येक इनिंगला शून्य म्हणाले. प्रत्येक शून्याला डॉरथी डोळे मिटून घ्यायची.

मग नववी. पाहुण्यांचे दोन गडी बाद झालेले, तिसरा गेला की इनिंग संपणार. तिसऱ्या बेसवर एक जण उभा, पहिल्या बेसवर एक जण. बेसबॉलमध्ये तीन बेस करून पुन्हा सुरुवातीच्या जागी, म्हणजे होमला, पोचलं की एक रन होतो. तिसऱ्यावरच्या माणसाला घरी यायला एकच टप्पा बाकी होता. बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला. फील्डरने तो उचलून दुसऱ्या बेसवर फेकला. पहिल्यावरून दुसऱ्याकडे निघालेला माणूस तिथे बाद झाला. तिसरा गडी बाद, मॅच संपली. पण तिसऱ्यावरच्या माणसाच्या चौकटीत त्या वेळच्या स्कोअररने होमपर्यंत रेघ ओढलेली होती. म्हणजे तो घरी पोचला होता.

काकांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा आधी पोचलाय. चेंडू उचलून दुसऱ्यावर फेकेपर्यंत हा पोचणारच. आधी पोचला तर रन." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "टॅली?"

मी म्हटलं, "टॅली."

"एक रन," काका इंग्रजीत म्हणाले. "दोन-एक. विजय आहे, शटआउट नाही. सॉरी, डॉरथी."

डॉरथीने बाईंकडून आजोबांचा फोटो परत मागून घेतला आणि गाडीत तो मांडीवर पालथा धरून बसली. काकूंनी तासभर खिडकीबाहेर बघितलं. मला काकांचा राग आला, स्पष्टच सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा एक रन. कोपरा गळालेला, साक्षीदार कुणी उरलेला नाही, सत्त्याऐंशी वर्षांची म्हातारी समोर बसलेली. काय बिघडलं असतं? रात्री जेवताना मी तसं म्हटलंही.

"मग तिने मला कशाला नेलं?" काका म्हणाले. "गोड बोलणारे तिच्याकडे पुष्कळ आहेत."

त्यानंतर दहा महिने डॉरथी काकांशी बोलली नाही. काकूंशी बोलायची, माझ्याशी बोलायची, काका अंगणात आले की आत जायची. काकांना ते लागलं होतं, पण त्यांनी कबूल केलं नाही. फक्त अंगणात बसायची खुर्ची त्यांनी घराच्या दुसऱ्या बाजूला नेली, तिकडे ऊन येत नव्हतं तरी.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसने सॉफ्टबॉलचा संघ काढला. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच, जरा मोठ्या आणि जरा मऊ चेंडूने खेळलेला. संघात निम्मे आम्ही देशी होतो आणि काका स्कोअरर, दुसरं कोण असणार! एका रविवारी दुपारी बागेतल्या मैदानावर आमची मॅच एका हॉस्पिटलच्या संघाशी होती. अंपायर म्हणून विद्यापीठातली एक विद्यार्थिनी आली होती. शेवटची इनिंग, आम्ही एका रनने मागे, दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर मी आणि पहिल्यावर आमच्या ऑफिसातला पुण्याचा सॉफ्टवेअर टेस्टर, गुडघ्याला पट्टा बांधून.

"माझ्याच्याने पळवणार नाही यार," तो तिकडून ओरडून सांगत होता.

बॅटरने चेंडू जमिनीलगत मारला आणि मी जीव तोडून पळालो. फील्डरच्या पायांत चेंडू अडकला. त्याने तो दोनदा उचलला, दोनदा सोडला. तोवर मी होमला पोचलो, वळलो, दोघांना टाळ्याही दिल्या. मग त्या फील्डरने चेंडू अलगद दुसऱ्या बेसवर टाकला. टेस्टर अजून अर्ध्या वाटेतच होता, कमरेवर हात ठेवून. तो बाद झाला, आणि माझा रन बोर्डावर चढला नाही. आम्ही हरलो.

काका बुक काखेत मारून थेट मैदानात गेले. मी त्यांच्यामागे गेलो.

"हा आधी पोचला," ते त्या मुलीला म्हणाले. "बराच आधी. मी पाहिलंय."

"हो, बराच आधी पोचला," ती म्हणाली.

"मग रन?"

"फोर्स आउट होता, सर. बॅटर पहिल्या बेसकडे निघाला की पहिल्यावरच्याला दुसऱ्याकडे पळावंच लागतं. तसा सक्तीने पळणारा माणूस तिसरा गडी म्हणून बाद झाला की त्या चेंडूवर रन नाही. कोण कधी पोचला ते बघायचंच नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

काका तिथेच उभे राहिले. चाळीसहून जास्त वर्षं ते बेसबॉल बघत होते आणि नियमांचं पुस्तक त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं. स्कोअरर डोळ्यांनी शिकतो, हा त्यांचा खाक्या. अशा प्रसंगी बोर्डावर रन चढला नाही की ते स्वतःशी म्हणायचे, याला उशीर झाला. क्रिकेटमध्ये तसंच असतं: एक जण धावबाद झाला तरी त्याआधी पुरी केलेली धाव धरतात, आधी काय झालं तेवढं बघायचं. आणि बेसबॉलमध्ये असा बाद इतक्या झटकन होतो की घरी येणारा बहुतेक वेळा खरोखरच मागे पडतो. म्हणून इतक्या वर्षांत त्यांची समजूत कुठेच अडली नाही. ती अडायला टेस्टरचा गुडघा लागला.

गाडीत बसल्यावर त्यांनी मला एकच काम सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी हा नियम असाच होता का, ते शोध. मी फोनवर शोधलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून असाच होता. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं.

"काका, मीसुद्धा न बघता टॅली म्हटलं होतं," मी म्हणालो. हे दहा महिने माझ्या मनात होतं.

"तू बघून तरी काय दिवे लावले असतेस?" ते म्हणाले. "चूक माझी आहे. त्यातली अर्धी घेऊ नकोस."

डॉरथीचं घर तेव्हा अर्धं रिकामं झालं होतं. तिचा मुलगा दूर दुसऱ्या राज्यात, ईडन प्रेरीला राहतो, तो तिला त्या आठवड्यात कायमची घेऊन जाणार होता. काका घरी आले ते टाय लावायला. काकू म्हणाल्या, "आधी चहा तरी घ्या." ते म्हणाले, "नंतर." मग आम्ही तिघंही शेजारी गेलो.

दार डॉरथीनेच उघडलं. काकांना बघून ती आत वळणार होती, पण टायकडे बघून थांबली असावी. हॉलमध्ये सगळीकडे खोकी होती. काका बसले नाहीत.

"दहा महिन्यांपूर्वी मी तुमच्या आजोबांच्या नावावर एक रन लावला," ते म्हणाले. "तो रन नव्हता. मला नियम माहीत नव्हता आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. मॅच दोन-शून्य आहे. तुमचे आजोबा बरोबर सांगत होते."

मग त्यांनी चार कप मागून घेतले, ते टेबलावर बेससारखे मांडले आणि शंभर वर्षांपूर्वीचा तो चेंडू तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून दिला. माणूस घरी आला होता, स्कोअररने रेघ ओढली ती खोटी नव्हती, पण रन नव्हता. आपली चूक कुठे झाली तेही त्यांनी सांगितलं, जराही कमी न करता. डॉरथी सगळं ऐकून घेत होती.

"मी चाललेय, म्हणून मला बरं वाटावं यासाठी सांगताय?" तिने विचारलं.

काका दुखावले. खरोखर दुखावले. "मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही," ते म्हणाले. "हिला विचारा."

डॉरथीने काकूंकडे पाहिलं.

"खरंय ते," काकू म्हणाल्या. "पन्नास वर्षांत एकदाही नाही."

डॉरथी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. काकूंनी तिचा हात धरला. "तुम्हाला कल्पना नाही," ती काकांना म्हणाली, "मला या गोष्टीला किती लोक हो म्हणाले असतील. माझी आई म्हणायची, असेल बाई खरं. नवरा म्हणायचा. म्युझियमच्या बाईसुद्धा म्हणाल्या, आम्हाला आतून खात्री आहे. सगळे मला सांभाळून घ्यायचे. त्यातल्या एकाचंही हो मला आजोबांना नेऊन दाखवता आलं नसतं. तुम्ही तोंडावर नाही म्हणालात. तुमच्यावर मी इतकी चिडले की विचारू नका. पण तुमचं हे हो मी नेऊन दाखवू शकते."

काकांनी टेबलावरचे कप एकेक करून बाजूला सारले.

डॉरथीने एका खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि कपड्यांच्या खालून आजोबांचा फोटो काढला. टोपी मागे सारलेला, कान मोठे असलेला, विशीतला एक मुलगा. फोटोच्या मागे संघाचं नाव होतं आणि बाकी जागा कोरी होती. तिने तो काकांपुढे पालथा ठेवला.

"म्युझियमला तुम्हीच द्या," ती म्हणाली. "पण आधी इथे लिहा."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, ती फोटोपर्यंत नेली आणि थांबले. मग पेन्सिल परत खिशात ठेवली आणि तिच्याकडे पेन मागितलं.